पश्चात दोन जहाजे

मोरेश्वर म्हात्रे गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिच्याखाली लिहिलं, ‘कुठला ताप? यलो फीव्हर की देवी? आणि पश्चात जहाजं किती?’

पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे टाकले, एकाने भागेना म्हणून ओळीने टाकले, फोन खिशात घातला आणि नेपरव्हिलच्या आमच्या घरापुढचा बर्फ उपसायला बाहेर पडलो. मार्च संपत आला तरी बर्फ पडतो म्हणजे काय, असं स्वतःशी बडबडत अर्धा ड्राइव्हवे मोकळा केला असेल, तेवढ्यात सायलीचा फोन आला. सायली मोरूची मुलगी. जन्म, शाळा, नोकरी, सगळं अमेरिकेतलंच. ती माझ्याशी इंग्रजी बोलते, मी तिच्याशी मराठी, आणि आमचं दोघांचं उत्तम चालतं. त्या सकाळी ती एवढंच म्हणाली, “सुधीरकाका, इट्स नॉट अ जोक.”

“काय नाही जोक?”

“बाबा. तो मेसेज आईने पाठवलाय. बाबाच्या फोनवरून.”

मी काय बोललो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने लांबून हात केला आणि मीही फावडं वर करून त्याला हात केला, वर हसलोसुद्धा. मोरू गेला हे कळल्यानंतर मी पहिलं काम केलं ते हे... मग एकदम आठवलं, माझा मेसेज! तो अजून तिथेच होता. हातमोजे दातांनी ओढून काढले, गारठलेल्या बोटांनी फोन उघडला आणि मेसेज पुसला. श्वास सोडला. आणि तेव्हा लक्षात आलं की घाईत मी तो फक्त माझ्यापुरता पुसला होता. म्हणजे आता तो जगात सगळ्यांना दिसत होता, कुंदावहिनींच्या हातातल्या मोरूच्या फोनवर दिसत होता. दिसत नव्हता तो फक्त मला.

हे असं का झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा मला कोडगा समजेल. तो मी आहेच, पण इतका नाही. मोरू साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला राहायचा. दोन नद्यांच्या मधली जमिनीची जीभ आणि तिच्या टोकाला बंदर, अमेरिका हा देश होण्याच्या कितीतरी आधी इंग्रजांनी वसवलेलं. तिथले लोक छाती फुगवून सांगतात की आमच्या या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि त्यांचा अटलांटिक महासागर होतो. निवृत्त झाल्यावर मोरूने शहराची गाइडची परीक्षा दिली आणि रोज सकाळी चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्यांवरचं वाचत हिंडायची सवय लावून घेतली. तिथे दगडावर भेटलेला माणूस तो आम्हाला ‘डाळभात मंडळ’ या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचा, आपल्याकडच्या पेपरातल्या निधनवार्तेच्या थाटात. ‘दुःखद बातमी. बंदरातील प्रतिष्ठित व्यापारी मिस्टर टॉमस यांचे आज पहाटे तापाने राहत्या घरी निधन झाले. ते मनमिळाऊ व परोपकारी होते, असे त्यांच्याच दगडावर लिहिले आहे. त्यांच्या पश्चात पत्नी, मुले व दोन जहाजे असा परिवार आहे.’

साल तो कधीच लिहायचा नाही. पहिली बातमी आली तेव्हा मी दचकून त्याला फोन केला होता, तुझ्या ऑफिसातले का हे टॉमस म्हणून. तो इतका हसला की फोन कुंदावहिनींना घ्यावा लागला. “अरे, मग ‘आज पहाटे’ कशाला लिहितोस? तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस तो!” त्यावर मोरू म्हणाला, “मला आज कळलं ना? मग आजच गेला.” तेव्हापासून आमचा प्रघात पडला. बातमी आली की जो आधी बघेल त्याने विचारायचं, कुठला ताप? दुसऱ्याने विचारायचं, जहाजं किती? नोकरी सुटली त्या दिवशी त्याने स्वतःच्याच नावाने बातमी टाकली होती, मोरेश्वर म्हात्रे यांच्या पगाराचे अल्पशा आजाराने निधन. त्यामुळे त्या सकाळी त्याच्याच फोनवरून त्याचंच नाव आलं तेव्हा मला वाटलं, मोरूने आज नवा काहीतरी डाव टाकलाय. दोन्ही प्रश्न मी एकट्यानेच विचारून टाकले. पहिला नंबर लागल्याचा आनंदसुद्धा झाला होता.

मोरू पेणजवळच्या एका गावचा. खाडीकाठची खारी जमीन, बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत भात काढायचा, अशा घरातला. मी पुण्याचा, म्हणजे तांदूळ दुकानात पिकतो असं मानणारा. आमची गाठ पडली पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजच्या एका अपार्टमेंटमध्ये. विद्यापीठात शिकणारी आम्ही मराठी पोरं तिथे दाटीवाटीने राहायचो. मोरू सिव्हिलला, मी कॉम्प्युटरला. भारतीय दुकान गावात नव्हतंच. स्वयंपाक मोरूचा, भांडी बाकीच्यांची, आणि वाणसामान आणायचं माझ्याकडे, कारण भांडी मी नीट घासत नसे. पहिल्याच हिवाळ्यात मी बसमधून एक भलं मोठं पोतं खांद्यावर मारून आणलं. एवढं स्वस्त धान्य कुणालाच कसं दिसलं नाही, म्हणून वाटेत स्वतःचंच कौतुक करत आलो. पोत्यावर छान चिमणीचं चित्र होतं. आपल्याकडे तांदळाच्या पोत्यावर मोर असतो, हत्ती असतो, मला वाटलं हा चिमणी छाप. मोरूने पोतं उसवलं, मूठभर दाणे तळहातावर घेतले, हुंगले आणि शांतपणे म्हणाला, “सुध्या, चिमणी छाप नाही. हे चिमणीचंच आहे.” पक्ष्यांना घालायचे दाणे होते ते. बाकीच्यांनी मला धारेवर धरलं. मोरूने मात्र खिडकीबाहेर जुनी ताटली बांधली आणि त्या बर्फात येतील त्या पाखरांना सगळा हिवाळा वाढलं. “कुणाच्या तरी घरी तांदूळ आला ना, झालं मग,” म्हणायचा.

पुढे मला शिकागोकडे नोकरी लागली, त्याला चार्ल्स्टनच्या बंदराचं काम. धक्के, गाळ, भरती-ओहोटी. लग्नं झाली, ग्रीन कार्डं झाली, पोटं सुटली. तो फोनवर सांगायचा, “इथे यायला हवंस. दमट हवा, कोळंबी, चिखलाचा वास... डोळे मिटले की पेण.” मी आणि माझी बायको नीता पहिल्यांदा गेलो तेव्हा शहर दाखवायच्या आधी त्याने आम्हाला एका नदीकाठी नेलं. जुन्या भातशेतीची जागा होती, आता नुसतं पाणगवत आणि बगळे. बांधात एक मोठं लाकडी दार बसवलेलं होतं, भरती-ओहोटीबरोबर पाणी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला. मोरू त्याच्याकडे बोट दाखवून लहान मुलासारखा ओरडला, “ओळखलंस? उघाडी! ही आमची उघाडी आहे!” मी काय ओळखणार... मी फोटो काढला. तो सांगत होता, आमच्याकडे बांधातल्या अशा दाराला उघाडी म्हणतात, आजाने स्वतः बसवली होती, मी तिच्यावर बसून गळ टाकायचो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याने म्हणे गाडी थांबवून तिथून पेणला भावाला फोन लावला होता.

मग त्याचा आवाज खाली आला. “नंतर विचारत गेलो, बांधलं कुणी. तर आफ्रिकेतून धरून आणलेल्यांनी. तिकडे ज्यांना भात येत होता त्यांना मुद्दाम बघून घ्यायचे म्हणे. कंबरभर चिखलात उभं राहून हे सगळं त्यांनी उभं केलं. हे शहर, ती मोठमोठी घरं, गॅलऱ्या, सगळं या भातावर आणि निळीवर उठलंय. सुध्या, माझा आजा पण चिखलात उभा राहिला. पण भात त्याच्या घरी आला रे. यांचा तांदूळ इंग्लंडला गेला, आणि यांना खाली बंदरावर किंमत लावून...” बंदर बांधणारा इंजिनिअर माणूस, त्याला त्या एका लाकडी दाराने धरलं ते कायमचं. मी तेव्हा काय विचारलं असेन? मी विचारलं, “इथे जेवायला कुठे जायचं?”

दुसऱ्या दिवशी शहर. तिथलं जुनं घर रस्त्याकडे पाठ नाही, पण कूस करून उभं असतं. रस्त्यावरचं दार उघडलं की खोली लागत नाही, लांबलचक व्हरांडा लागतो. असं एक दार मी उघडून आत गेलोही होतो, म्युझियम समजून. आत एक बाई गाउनमध्ये कॉफी पीत होत्या. मोरूने माझी कॉलर धरून मला बाहेर काढलं आणि बाईंची इतक्या अदबीने माफी मागितली की पुढे दर ख्रिसमसला त्या बाई त्याला केक पाठवायच्या. रस्ते दगडी गोट्यांचे. रिकामी जहाजं इंग्लंडहून येताना तोल राखायला हे दगड भरून आणायची आणि इथे टाकून तांदूळ भरून न्यायची, हे तो सांगत होता. माझे नवे बूट मला चावत होते. एका गल्लीत विटांची उंच भिंत होती, तिच्यावर जाई लवलेली. नीता म्हणाली, उभा राहा, फोटो छान येईल. मी भिंतीला टेकलो. एका विटेत बारीक खळगे होते, चार शेजारी शेजारी. मी त्यांत बोटं घालायला लागलो. जाईनात. करंगळीचं टोक तेवढं टेकलं. “नीता, बघ, गवंडी हात न धुताच कामाला लागला वाटतं!”

“सुध्या,” मोरू म्हणाला, “बोट काढ.”

“का, वीट ओली आहे अजून?”

मी हसत होतो. नीताने नेमका तेव्हाच फोटो काढला.

“पोराची बोटं आहेत ती,” मोरू म्हणाला. “साच्यातून काढलेली वीट उन्हात उलटून ठेवायचं काम बारक्या पोरांचं असायचं. गुलाम पोरांचं. ओल्या मातीत बोटं रुतायची. तशीच भाजली.”

मी हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा घेतला. माझ्या करंगळीपेक्षा लहान बोट... आमचा मुलगा तेव्हा प्लेडोची रंगीत माती घेऊन घरभर ठसे उमटवत फिरायच्या वयाचा होता. मला भोवळ आल्यासारखं झालं आणि ते कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, बूट फार चावतायत, बसतो जरा कुठेतरी. पुढचा, धक्क्यापर्यंतचा भाग नीता एकटीच बघून आली. नंतर मी चार्ल्स्टनला कितीदा तरी गेलो, आणि दर वेळी त्या भिंतीपाशी आलो की माझे बूट चावायचे. मोरूची टूर मी कधीच पुरी केली नाही. “तुझे बूट शहाणे आहेत,” तो म्हणायचा, “बरोबर कुठे चावायचं ते त्यांना कळतं.”

त्याच्याबरोबर गाइडचं काम करणाऱ्या एक मिसेस ग्रीन होत्या. काळ्या, उंच, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या. त्यांची माणसं याच किनाऱ्यावर उतरवलेली. मोरूने एकदा हौसेने त्यांना आमच्या ग्रुपवरच्या बातम्या इंग्रजीत करून ऐकवल्या. त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, “पण मोरू, तुझ्या पेपरात रोज व्यापारीच का मरतात?” हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता. त्या आठवड्यापासून बातम्या बदलल्या. आधी व्यापाऱ्यांच्याच बातमीत एक शेपूट आलं, ‘पश्चात पत्नी, मुले, दोन जहाजे व विकत घेतलेली माणसे असा परिवार आहे.’ त्यालाही आम्ही हसलो, जरा बिचकत. मग एका सकाळी आलं, ‘दुःखद बातमी. बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर आज पहाटे एका मुलीचे निधन झाले. जहाजातून उतरवलेल्या माणसांना ताप आहे का, हे बघायला तिथे ठेवत. नाव माहीत नाही. दगड नाही. पश्चात कोण, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.’

ना ताप कुणी विचारला, ना जहाज. दुपारी मीच लिहिलं, ‘मोरू, यार, सकाळी सकाळी...’ लगेच त्याचा फोन. “का, चहा गार झाला?”

“तसं नाही रे. पण जरा...”

“टॉमसशेठ गेले की हसता. ही गेली की चहा गार होतो. म्हणजे बरोबर चाललंय माझं,” तो म्हणाला आणि लगेच विचारलं, “एप्रिलमध्ये येतोयस ना? बूट बदलून ये.”

एप्रिल यायच्या आधीच तो गेला. पहाटे छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी करायचं ते सगळं केलं आणि थांबले. आदल्या संध्याकाळी त्याने माशांचं कालवण केलं होतं. पथ्य नाही, दुखणं नाही, काही नाही. धक्का शब्द आपण इतका वापरतो की तो बसायचा राहतो. मला तो थेट विमानात बसला. अग्नी द्यायच्या वेळी मी पोचू शकलो नव्हतो, इकडे वादळ, विमानं रद्द. त्यानंतर सायलीने एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं, त्याला निघालो होतो. शिकागो ते चार्ल्स्टन मी एकच वाक्य घोकत होतो, ‘वहिनी, त्या मेसेजबद्दल...’ त्याच्यापुढे वाक्य जात नव्हतं. नीता म्हणाली, “तू काही बोलूच नकोस. तू बोललास की वाढतं.” विमानतळावर न्यायला मिसेस ग्रीन आल्या होत्या. गाडीत त्यांनी मला विचारलं, “तुम्हीच का ते शिकागोचे मित्र?” त्या सुरात काय होतं ते मला कळेना. मी ग्रुपवरचा मेसेज यांच्यापर्यंतसुद्धा पोचला असं धरून चाललो आणि पूर्ण रस्ता खिडकीबाहेरच्या खाऱ्या, चिखलाच्या खाजणाकडे बघत बसलो.

घरात माणसंच माणसं. मराठी मंडळाची, बंदरातली, गाइड लोक. कुंदावहिनी पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये होत्या. नीताला त्यांनी जवळ घेतलं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाणी आणायला आत गेल्या. सायली म्हणाली, “काका, नो स्पीचेस. वुई आर वॉकिंग. बाबाची टूर. प्रत्येक स्टॉपला एकेक जण बोलणार. तुमचा स्टॉप विटांचा.”

“मीच का?”

“आईने सांगितलं.”

म्हणजे शिक्षा, मी समजलो. गंभीर प्रसंग म्हणून मी काळे कातडी बूट घालून गेलो होतो, नवे कोरे. भिंतीपाशी पोचेपर्यंत टाचा सोलल्या होत्या. जाई तशीच होती. मी भाषण फोनवर लिहून आणलं होतं, तर उन्हात पडद्यावर फक्त माझंच तोंड दिसत होतं. लोक वाट बघत होते. मी ती वीट शोधली. चार खळगे. बोट लावायचं धाडस झालं नाही. मोरू इथे होता, असं काहीसं म्हणायला गेलो आणि आवाजच फुटेना. मी नुसता उभा राहिलो, तोंड उघडं, बाजारात आई हरवलेल्या पोरासारखा.

तेव्हा मिसेस ग्रीन पुढे आल्या. म्हणाल्या, “इथे मोरू एकच वाक्य बोलायचा. लोकांना म्हणायचा, क्षणभर समजा, ही वीट अजून ओली आहे. मग गप्प उभा राहायचा. मी इतकी वर्षं शिकवलं, मला हे वाक्य सुचलं नाही. मी त्याला विचारलं, कुठून आणलंस. म्हणाला, शिकागोचा माझा एक मित्र आहे, फार विचारी माणूस, त्याने दिलं.” आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे हात केला. तिथल्या त्या गोऱ्या-काळ्या-मराठी सगळ्या माना आदराने माझ्याकडे वळल्या. “विचारी? सुधीरकाका?” सायली म्हणाली. पुरावा मागावा अशाच सुरात म्हणाली. माझ्या त्या वेळच्या हसण्याचा फोटो नीताच्या फोनमध्ये अजून आहे, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. आणि मोरूला होतं. माझा मूर्खपणा त्याने इतकी वर्षं धुऊन-पुसून लोकांना दाखवला, आणि मला कळू दिलं नाही... त्या दिवशी मी टूर पुरी केली. टाचांतून रक्त येत होतं. शेवटचा स्टॉप धक्क्यावर, जिथे जहाजं लागायची. तिथे बोलायची पाळी वहिनींची होती. त्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “चला, जेवायचं आहे सगळ्यांना.”

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी उरलेला भात डब्यात भरत होत्या. खिडकीत मोरूची गाइडची टोपी, तिच्याशेजारी त्याचा फोन चार्जिंगला लावलेला. चालू. मी म्हणालो, “वहिनी, त्या मेसेजबद्दल...”

“आधी ताट घ्या भावजी. तुम्ही काही खाल्लं नाहीये.”

“नाही, मला बोलू द्या. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, नेहमीसारखं...”

“मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं,” त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. “सायली म्हणाली बाबाच्या मित्रांना कळव. माझ्या फोनमध्ये तुमचा ग्रुप नाही. त्यांचा घेतला. नुसतं ‘दु’ लिहिलं, तर फोनने पुढचं आपणहून लिहून दिलं. दुःखद बातमी. मग आज. मग पहाटे. इतक्यांदा लिहिलेलं त्यांनी... मला फक्त नाव घालावं लागलं.” त्यांनी झाकण परत लावलं. “मी खोलीत खुर्चीवर बसले होते. ते मागे पलंगावर. त्यांच्यावर चादर घातलेली. आणि तुमचं आलं. कुठला ताप. जहाजं किती. भावजी, मी मागे वळून पाहिलं हो! मला खरंच वाटलं, हे दोघं मिळून माझी गंमत करतायत. आता चादर हलेल. हसू दाबताना त्यांचे खांदे हलायचे ना, तसे...”

भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज झाला. तो माझ्या हातून झाला होता.

“हलली नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण पाहिलं मी. तेवढं एकदा वाटलं.” मग त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण ओतलं. “म्हणून तुम्हाला भिंतीपाशी उभं केलं. म्हटलं, एकदा तरी माझ्यासमोर गप्प उभे राहा.”

मी जेवलो. दोनदा भात घेतला. रडताना जेवता येतं हे मला नव्याने कळलं, शोभत नाही तो भाग निराळा.

त्याला आता काही आठवडे झाले. ‘डाळभात मंडळ’ गप्प आहे. सकाळी हात सवयीने फोनकडे जातो, आणि तिथे कुणी मेलेलं नसतं. परवा नेपरव्हिलच्या स्टेशनवर शिकागोच्या गाडीची वाट बघत होतो, खिशात फोन थरथरला. काढला तर पडद्यावर नाव, मोरू. खांबाला धरून वाचलं, ‘दुःखद बातमी. बंदराजवळच्या गल्लीत राहणाऱ्या मिसेस ॲन यांचे आज पहाटे तापाने निधन झाले. त्या कुणाच्या मालकीच्या नव्हत्या, शिवणकाम करून त्यांनी स्वतःला स्वतः सोडवून घेतले होते. पश्चात एक मुलगी असा परिवार आहे.’

वहिनींनी लिहिलं होतं, हे उघड होतं. बाकी मी एवढंच वाचलं की एक बाई गेल्या. शेवटच्या दोन ओळी मी वाचल्या कुठे, डोळ्यांपुढे काळोख आला होता. मिसेस ग्रीनचं पहिलं नाव मला कधी कळलंच नव्हतं, म्हणजे ते ॲनच असणार. त्यांनी मला विमानतळावरून आणलं होतं, भिंतीपाशी वाचवलं होतं. एकदा जी चूक झाली ती पुन्हा नाही, अशी शपथ घेऊन मी उभ्या उभ्या, गाडी समोरून निघून जाऊ देऊन, शब्द तोलून लिहिलं, ‘वहिनी, वाचून फार मोठा धक्का बसला. माझ्यावर त्यांचे उपकार होते. त्यांच्या घरच्यांना माझ्या भावना कळवा. पहिल्या विमानाने निघतो.’

पडद्यावर मोरू काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा लिहितोय. मग आलं:

‘अहो भावजी, या बाईंना जाऊन अडीचशे वर्षं होत आली. तुम्हाला एकही मेलेलं माणूस वेळेवर ओळखता येऊ नये?’